मरळीसाठी लुअर निवडताना: कमळातला बेडूक, एकेरी गळ आणि लाल पिल्लांचा थवा

मरळीच्या मासेमारीबद्दल विचारणारे नागपूरचेच आहेत. सॅमनच्या मासेमारीचे व्हिडिओ पाहून त्यांनी लुअरची, म्हणजे नकली आमिषांची, मोठी पेटी ऑनलाइन मागवली. तिच्यात चमचे (चकाकत्या पत्र्याचे लुअर), स्पिनर (फिरत्या पात्याचे) आणि तीन तोंडी गळ, म्हणजे ट्रेबल, लावलेले प्लॅस्टिकचे मासे आले. उमरेडच्या बाजूला एका गावतलावाच्या पाळीवरून त्यांनी मरळीसाठी टाकून पाहिलं. काही लुअर कमळाच्या देठांत गेले. एक मरळ लागली, ती दोरा तोडून लुअरसकट निघून गेली. गावातली पोरं म्हणाली, "लाल पिल्लं दिसली का त्याच्या मधात टाक ना भाऊ, हमखास लागते." आता त्यांचे तीन प्रश्न आहेत. या पेटीतला कुठला लुअर मरळीला चालेल? पिल्लांवर टाकणं बरोबर आहे का? आणि धरलेला मासा सोडला तर तो खरोखर जगतो का?

पिल्लांवर टाकू नका, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे सविस्तर लिहितो. मासा जगतो का, याचं उत्तर मात्र पहिल्या प्रश्नातच आहे. तुम्ही पेटीतून लुअर उचलता, त्याला कुठला गळ आणि किती जोराचा दोरा लावता, तिथेच त्या मरळीचं बरचसं भवितव्य ठरतं. सोडताना हात कितीही हळुवार असला तरी घशात रुतलेला ट्रेबल किंवा तोंडात अडकून राहिलेला लुअर त्याने निघत नाही. तुमची ती तुटून गेलेली मरळ लुअरच्या चुकीच्या निवडीमुळेच तो घेऊन फिरते आहे. म्हणून लुअरची निवड आणि माशाशी नीट वागणं या दोन गोष्टी मी वेगळ्या काढणार नाही.

पॅसिफिक किनाऱ्याचा सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. नदीत शिरल्यावर त्याचं खाणं जवळजवळ थांबतं आणि अंडी घालून झाली की तो मरतो. तिथले अँगलर, म्हणजे गळाने मासे धरणारे, नदीकाठी चमचे आणि स्पिनर वापरतात, कारण भूक नसलेला सॅमनसुद्धा समोरून फिरत, चमकत गेलेल्या वस्तूवर चिडून तोंड मारतो. पाणी थंड, वाहतं, तळाशी गोटे. लुअर लांब फेकायचा आणि प्रवाहात फिरता ठेवायचा. मरळीचं सगळंच निराळं. साचलेलं कोमट पाणी, पावसाळ्यात चहाच्या रंगाचं, वर कमळ किंवा शिंगाड्याचा वेल, कडेला बेशरमाची झुडपं. त्यात ती दबा धरून बसते आणि वरून जाणारा बेडूक किंवा मासोळी आख्खी तोंडात घेते. उघड्या ट्रेबलचा चमचा अशा पाण्यात दोन हातसुद्धा सरकत नाही.

सॅमनवाल्यांकडून घेण्यासारखी गोष्ट लुअर नव्हे, त्यांची शिस्त आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी बार्ब नसलेलाच गळ वापरावा लागतो. बार्ब म्हणजे गळाच्या टोकाजवळचा तो उलटा काटा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या नद्यांवर जो सॅमन सोडणं बंधनकारक आहे, तो फोटोसाठीही पाण्याबाहेर पूर्ण काढता येत नाही. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा पाठीवरचा शेपटीकडचा छोटा मांसल पर कापून मग त्यांना सोडतात. तो पर शाबूत असला तर मासा नैसर्गिक पैदाशीचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो परत सोडावाच लागतो. तोंडाऐवजी अंगात कुठेही गळ रुतवून ओढणं हा गुन्हा. अंडी घातलेल्या गोट्यांवरून तर जाणकार माणूस पाय टाकूनही जात नाही. आपल्याकडे काठावरच्या हौशी माणसाला इतकं बारीक कोणी विचारत नाही. म्हणून हे नियम आपणच आपल्याला लावून घ्यायचे.

आता लुअर. कमळ, वेल, गवत असलेल्या गावतलावावर मरळीसाठी मी एकच लुअर सुचवीन, तो म्हणजे पोकळ रबरी बेडूक, ज्याला सगळे फ्रॉग म्हणतात. पाच-सहा सेंटीमीटर लांब, दहा ते पंधरा ग्रॅम वजनाचा. त्याच्या पोटातून एक जाड दुहेरी गळ जातो आणि त्याची दोन्ही टोकं पाठीला लागून वर वळलेली असतात. रबर टोकांना झाकतं, म्हणून तो पानांवरून, वेलावरून घसरत येतो आणि अडकत नाही. मरळीने जबडा मिटला की रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. सगळी करामत या दबण्यात आहे. विकत घेताना बेडूक चिमटीत धरून दाबून बघा. हलक्या दाबाने गळाची टोकं दिसली पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर तो बेडूक ठेवून द्या. मरळ आली की पाणी धाडकन फुटेल, आवाज होईल, पण गळ लागणार नाही, किंवा अर्धवट लागून जबड्याची कातडी फाटेल. स्वस्तातला कडक बेडूक घेतलाच असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून हाताने मळा, मऊ पडतो.

बेडकाच्या मागे रबरी झिरमिळ्यांचे दोन पाय असतात. ते नवे असताना लांब असतात आणि मरळ पुष्कळदा तेवढेच धरते. कात्रीने निम्मे करा. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड ठेवला तर दोऱ्याला हलके झटके देताना बेडूक डावी-उजवीकडे डोलतो. प्रत्येक फेकीनंतर तो दाबून आतलं पाणी काढत जा. पाणी भरलेला बेडूक शेपटीकडून बुडतो, मरळ खालून येते तेव्हा तो कलंडतो आणि झेल चुकतो.

रंगाची चर्चा फार होते, पण मरळ खालून वर पाहते, तिला आकाशाच्या उजेडापुढे बेडकाची सावली दिसते. गढूळ पाण्यात आणि पहाटे काळा. पाणी नितळ असेल तर पोटाकडून पिवळसर-पांढरा, वरून हिरवट. बस्स. दुकानातले गुलाबी आणि निळे बेडूक वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. रंगापेक्षा थांबणं महत्त्वाचं. कमळाच्या पानावर बेडूक टाका, क्षणभर तसाच राहू द्या, मग पानावरून पाण्याच्या मोकळ्या फटीत हळूच ओघळू द्या आणि तिथे पुन्हा थांबवा. बहुतेक वेळा मरळ त्या दुसऱ्या थांब्यालाच येते.

ती आली की पाणी फुटतं आणि हात आपोआप मागे जातो. तो आवरा. दोऱ्याकडे बघा. दोरा बाजूला सरकायला लागला की काठीचं टोक खाली करून जोरात, आडवा झटका द्या. यात साधारण एक-दोन सेकंद जातात. घाई केली तर बेडूक तोंडातून निसटतो. फार वेळ थांबलात तर तो घशापर्यंत जातो आणि मग तो मासा सोडण्याजोगा राहत नाही. जिवंत बेडूक किंवा मासोळी लावणारे लोक गिळू देण्यासाठी मुद्दाम थांबतात, म्हणूनच त्या पद्धतीने धरलेली मरळ सहसा आतून फाटलेली असते. जिवंत बेडूक गळाला टोचण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. टोचलेला बेडूक तासन्‌तास तडफडत राहतो. शिवाय धानाच्या बांधीतले किडे खाणारा हा प्राणी आधीच कमी झाला आहे. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. रबराचा बेडूक तितकंच काम करतो.

सोडण्यासाठी फ्रॉग चांगला का, तर तो वरच्या जबड्यात, तोंडाच्या कोपऱ्यात लागतो आणि दुहेरी गळ एका हालचालीत निघतो. त्याची दोन्ही टोकं पक्कडने दाबून बार्ब सपाट करा. हे घरी, उजेडात, गळ टेबलावर धरून करायचं काम आहे. पक्कडचं टोक बार्बच्या मागे नीट बसवा आणि हळूहळू दाबा. एकदम जोर दिला तर टोक मोडतं. झाल्यावर कापसाच्या बोळ्यावरून टोक ओढून बघा, तंतू अडकला तर अजून थोडं दाबा. बार्ब नसला की मासा सुटतो अशी भीती सगळ्यांनाच असते. दोरा ताणलेला राहिला तर फारसे सुटत नाहीत. आणि एखादी सुटली तर सुटली, तिला आपण सोडणारच होतो. बार्ब सपाट असण्याचा आणखी एक फायदा आहे. गळ तुमच्या स्वतःच्या बोटात गेला तर निघतो, त्यासाठी दवाखाना गाठावा लागत नाही.

दोऱ्याबद्दल दोनच गोष्टी. कमळात बारीक दोरा वापरून मासा "खेळवणं" ही गंमत माशाच्या जिवावर येते. तीस ते चाळीस पौंडाचा ताण सहन करणारा ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा आणि त्याला साजेशी ताठ काठी घ्या. मरळ लागली की तिचं डोकं वर ठेवून वेलावरून सरळ ओढून आणा. झुंज जितकी छोटी, तितका मासा ताजा राहतो. आणि गाठ प्रत्येक माशानंतर तपासा. मरळीला दात असतात, गाठीजवळचा दोरा त्यांनी कुरतडला जातो. बोट फिरवून खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधा.

जिथे वर झाकण नाही, म्हणजे धरणाच्या दगडी पिचिंगजवळ किंवा कन्हान-वैनगंगेच्या संथ डोहात, तिथे फ्रॉग फारसा कामाचा नाही. तिथे मऊ प्लॅस्टिकचा, शेपूट हलवणारा मासा बरा. त्याला रुंद, वाकडा एकेरी गळ लावायचा आणि टोक प्लॅस्टिकच्या पाठीत लपवायचं. तो दगडांतही कमी अडकतो. तुमच्या पेटीतले चमचे आणि स्पिनर इथे चालतील, पण त्यांचे ट्रेबल काढून टाका. लुअरच्या कडीतून ट्रेबल सरकवून काढा आणि त्या जागी थोडा मोठ्या मापाचा एकेरी गळ बसवा. ट्रेबलचं एक टोक तोंडात आणि दुसरं डोळ्यात किंवा कल्ल्यात, हे चित्र मी पुष्कळदा पाहिलं आहे. मासा वळवळतो आणि तिसरं टोक आपल्या हातात जातं. चमचा पाण्यात टाकून बुडू द्या, मग जेमतेम फिरेल इतक्या सावकाश ओढा. त्यावर कधी शिंगाडा नावाचा मासाही येतो. त्याच्या परांचे काटे सांभाळा.

दोन-दोन ट्रेबल लावलेल्या प्लॅस्टिकच्या माशांसाठी मला आपल्या तलावांवर जागा दिसत नाही. दोन्ही ट्रेबल काढून एकेरी गळ लावला तर त्यांची चाल बिघडते. मोकळं, खोल पाणी असेल तर वापरा. गावतलावावर नेऊ नका.

आता लाल पिल्लांकडे येतो.

जुलै-ऑगस्टात सकाळी पाळीवर उभं राहिलं की कडेच्या गवताजवळ पाणी एकाच जागी थरथरताना दिसतं. पाऊस थांबलेला असतो, वाराही नसतो, तरी हात-दोन हात जागेत थेंब पडल्यासारखे बारीक ठिपके उठतात आणि विरतात. नीट पाहिलं तर खाली नारिंगी-तांबड्या पिल्लांचा दाट घोळका असतो. शेकडो पिल्लं एकदम वर येतात, पृष्ठभागाला तोंड लावतात आणि खाली जातात. मरळ बाहेरची हवा घेणारा मासा आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरणारा कप्पा असतो आणि तिला ठरावीक वेळाने वर यावंच लागतं. पिल्लंही तेच करत असतात. त्यांच्या खाली, सावलीसारखे, आईबाप असतात.

पाऊस लागला की मरळीची जोडी उथळ पाण्यात गवत बाजूला करून गोल जागा तयार करते. अंडी तरंगती, पिवळसर. ती एक-दोन दिवसांत फुटतात आणि मग काही आठवडे आईबाप त्या घोळक्याबरोबर फिरतात. त्या काळात पिल्लांच्या जवळ येणाऱ्या कशावरही ते धावून जातात. बेडूक, साप, तुमचा लुअर, काहीही. त्यांना भूक लागलेली नसते, ते हाकलत असतात. म्हणून तो "हमखास" लागतो. त्यात लुअरचं कौतुक नाही, आपल्या हाताचं तर अजिबात नाही.

आईबाप उचलले की काय होतं, ते तलावाच्या काठावर थोडा वेळ बसलं तर दिसतं. ढोकरी बगळा येतो, दिवड साप येतो, डोक आणि तिलापिया हे मासे खालून येतात. दिसायला इतका भडक आणि सारखा एकाच जागी वर येणारा घोळका पहाऱ्याशिवाय टिकत नाही. तुम्ही मरळ धरून लगेच सोडली तरी तेवढ्या वेळात खाली पहारा नसतो, आणि दमलेली मरळ परत येऊन आधीसारखा पहारा देईलच असं नाही. एका माशाच्या हौसेपायी त्या वर्षाची त्या जोडीची सगळी वीण जाते. म्हणून पिल्लं दिसली की तिथून निघा, दुसऱ्या काठाला जा. आणि हे फार महत्त्वाचं, जागा कोणाला दाखवू नका. पावसाळ्यात चुकून अशी मरळ लागलीच तर गळ पाण्यातच काढा आणि तिथल्या तिथे सोडा. काठाने चालत नेऊन दुसरीकडे सोडली तर ती पिल्लांपर्यंत पोहोचेलच असं सांगता येत नाही.

मी स्वतः जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत मरळीसाठी लुअर टाकत नाही. कोणी हसतं, पण या तलावांवर मरळ राहायला हवी असेल तर एवढं थांबणं फार नाही. त्या दिवसांत गळ काढलेला बेडूक घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानात सराव करा. जमिनीवर एक टायर ठेवा आणि पंचवीस पावलांवरून त्याच्या आत बेडूक पडेपर्यंत फेकत राहा. कमळाच्या फटीत अचूक फेकता आलं की निम्मे लुअर तुटायचे वाचतात. लुअर तुटला नाही की दोराही तलावात राहत नाही. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, गोंदियात सारसही आहेत. कमळात राहिलेला ब्रेडेड दोरा कुजत नाही आणि पक्ष्याच्या पायाला एकदा गुंडाळला की निघत नाही. तुटलेला दोरा जेवढा हाती येईल तेवढा गोळा करून घरी आणायचा, दुसऱ्याचा असला तरी.

सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. पिल्लं वेगळी झालेली असतात, पाणी निवळतं, मरळ मोकळी आणि भुकेली असते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी पडली की ती जड होते. तेव्हा पहाटे उठून जाण्यात अर्थ नाही, ऊन चढल्यावर उथळ काठाला बेडूक अगदी सावकाश चालवा. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पुन्हा चांगलं. मे महिन्यात तलाव आटून डबकं झालेलं असतं आणि सगळी मरळ त्यात कोंडलेली असते. तेव्हा धरणं सोपं असतं, म्हणूनच धरू नये. ज्या मरळी त्या गाळात आणि डबक्यात उन्हाळा काढतात, त्यांच्यावरच पुढचा पावसाळा अवलंबून असतो.

धरलेल्या मरळीला कसं हाताळायचं, यात एक मोठा गैरसमज आहे. मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहते, बाजारात परातीत वळवळत असते, म्हणून तिला काही होत नाही असं लोक धरून चालतात. तिला हवा मिळते हे खरं, पण तिच्या अंगावरचा चिकट थर निघाला की कातडी उघडी पडते. भारतात १९८८ मध्ये माशांचा व्रणरोग शिरला आणि मरळ त्याला फार बळी पडते. पावसाळा संपून पाणी थंड व्हायला लागलं की अंगावर लाल खड्डे पडलेल्या मरळी दिसतात, त्या याच रोगाच्या. पाण्यातली बुरशीसारखी एक सूक्ष्म जात कातडीतून आत शिरते. खरवडलेली कातडी म्हणजे तिच्यासाठी उघडं दार. म्हणून मरळ कोरड्या हाताने, कोरड्या टॉवेलने किंवा तापलेल्या पिचिंगच्या दगडावर ठेवून धरू नका. हात ओले करा. ओलं गोणपाट किंवा ओला रबरी ट्रे बरोबर ठेवा. अंगठा तोंडात घालू नका, दात लागतात. ओठांना पकडणारा चिमटा वापरत असाल तर दुसरा हात पोटाखाली द्या. मोठी मरळ नुसत्या जबड्याने उभी लटकवली की तिच्या सगळ्या वजनाचा ताण जबड्यावर आणि मानेवर येतो. फोटो घ्यायचा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा, गळ पाण्यात काढा, एकदा उचला, परत ठेवा. ती स्वतः निघून जाईपर्यंत उथळ पाण्यात सरळ धरून ठेवा. पाण्याखाली बांधून ठेवणारी जाळी मात्र मरळीसाठी वापरूच नका. वर येऊन हवा घेता आली नाही तर ती पाण्यातच गुदमरते.

गळ घशात गेला असेल तर ओढू नका. लांब नाकाची पक्कड आणि गळ कापायची कटर बरोबर ठेवा, कल्ल्याच्या बाजूने दिसत असेल तर गळाचा दांडा कापून काढता येतो. कल्ल्यातून रक्त वाहत असेल तर ती मरळ सोडण्यात अर्थ नाही. ती घरी न्या आणि त्या दिवसापुरतं थांबा.

खाण्यासाठी मरळ नेणं मला गैर वाटत नाही. विदर्भात मरळीचा रस्सा कोणाला नको आहे? पण मधल्या मापाची एखादी घ्या. फूटभराहून लहान सोडा, आणि खूप मोठी, जुनी मरळ तर नक्की सोडा. वीण तीच चालवते. आणि जी न्यायची ठरवली ती लगेच मारा. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जाड काठीचा एक नेमका घाव पुरतो. इतर मासे पिशवीत काही मिनिटांत मरतात, मरळ मरत नाही. हवा घेत असल्यामुळे ती तुमच्या गाडीच्या डिकीत, उन्हात, नागपूरला पोहोचेपर्यंत जिवंत राहते. हे मला पाहवत नाही. मारल्यावर कल्ले कापून रक्त जाऊ द्या, बर्फावर ठेवा. मांसही चांगलं राहतं.

आता तुम्ही न विचारलेलं. ज्या तलावावर गेला होतात, तो कोणाचा आहे ते विचारलंत का? आपल्या बाजूचे बरेचसे गावतलाव, माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांतले पुष्कळ सभासद ढिवर समाजाचे आहेत, हे तलाव त्यांचं पोट आहे. संस्थेने पैसे भरून रोहू-कटल्याची बोटुकली सोडलेली असते. मरळ ती खाते, म्हणून काहींना ती नकोशी असते. तरी मरळीचा बाजारभाव मोठा, त्यामुळे ती त्यांचीच मिळकत आहे. आधी संस्थेच्या अध्यक्षांना किंवा राखणदाराला भेटा, सोडून देणार की नेणार ते सांगा, शुल्क मागितलं तर द्या. त्यांची जाळी पसरलेली असेल तिथून दूर राहा, आणि लुअर जाळ्यात अडकला तर जाळं न कापता त्यांना बोलवा. शिंगाडा लावलेल्या भागात उतरू नका. आणखी एक, या लोकांना पाण्याची जेवढी माहिती असते तेवढी कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही. पाणी कुठल्या सलंगावरून (सांडव्यावरून) वाहून जातं, तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) किती खोल आहे, कुठल्या कोपऱ्यात बेशरम माजल्यापासून मरळ येत नाही, हे ते बसल्या बसल्या सांगतात.

तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. गोरेवाड्याच्या बाजूलाही गळ घेऊन जाऊ नका. अंबाझरी-फुटाळ्यासारख्या शहरातल्या तलावांवर काठाने माणसं फिरत असतात, मागे गेलेला फ्रॉग कोणाच्या डोळ्यात जाऊ शकतो, आणि नाल्याचं पाणी येणाऱ्या तलावातला मासा खाऊ नये असं माझं मत आहे. कोणी कुठे करंट सोडून किंवा ब्लीचिंग टाकून मासे मारताना दिसलं तर भांडायला जाऊ नका, जीव जाईल. संस्थेला आणि पोलिसांना कळवा.

वीज चमकायला लागली की काठी खाली ठेवून पाळीवरून उतरा. कार्बनची काठी विजेची चांगली वाहक असते. पाळीच्या गवतात घोणस असते, म्हणून घोट्याच्या वर जाणारे बूट घाला.

तर बरोबर दोन फ्रॉग घ्या, एक काळा, एक हिरवट. एक मऊ प्लॅस्टिकचा मासा आणि एकेरी गळ लावलेला एक चमचा. एवढं एका छोट्या डबीत बसतं. त्याच्याबरोबर लांब पक्कड, कटर, ओलं गोणपाट आणि कचऱ्याची पिशवी. एका तलावावरून दुसऱ्यावर जाणार असाल तर बूट, गोणपाट आणि लुअर स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, म्हणजे व्रणरोगाचे बीजाणू आपल्याबरोबर जाणार नाहीत. नोव्हेंबरात या कामाला उन्हात एक अख्खा दिवस द्यावा लागतो, म्हणून एका दिवसात दोन तलाव करू नका.